तारतम्य येतं कुठून? साहसी उपक्रमांच्या प्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगर, कडे, नदी, बर्फ अशा ठिकाणी लोकांना घेऊन जाणारे आणि तसं जाऊ पाहणारे प्रशिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. गाठी, अँकर (दोर अडकवायचा भक्कम आधार), प्रथमोपचार कसे शिकायचे हे इथे सापडणार नाही.

१. मला सगळ्या गाठी येतात, रोप (दोर) लावता येतो, नकाशा वाचता येतो. मग 'तारतम्य' म्हणून वेगळं काय शिकायचं उरतं?

रोप लावता येणं हे कौशल्य. आज, या बारा जणांना घेऊन, या कड्यावर तो लावायचा का, हे ठरवणं म्हणजे तारतम्य. आठाची गाठ बरोबर आहे की नाही हे पाच सेकंदांत दिसतं, त्यामुळे कौशल्याची परीक्षा घेणं सोपं असतं. तारतम्याचं तसं नाही. समजा कडा कोरडा आहे, पण वरून दुसरा ग्रुप चाललाय आणि दगड सुटू शकतात. बारांपैकी दोघांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. सहाय्यक नवा आहे. उजेड तीनच तास आहे. यातली कुठलीही एक गोष्ट 'थांबा' असं म्हणत नाही. चारही एकत्र आल्या की म्हणतात. ही बेरीज करायची सवय म्हणजे तारतम्य, आणि ती बेरीज चुकते तेव्हा बहुतेकदा आकडेमोड चुकलेली नसते, एखादी रक्कम मांडायचीच राहिलेली असते. दोघांनी पाणी प्यायलेलं नाही हे मुळात पाहिलंच नव्हतं, असं.

२. किती वर्षांचा अनुभव पुरे?

वर्षांचा हिशेब फसवा आहे. ब्रिटनमधल्या 'माउंटन लीडर' पात्रतेसाठी प्रशिक्षणाआधी किमान २० आणि मूल्यमापनाआधी किमान ४० डोंगरातले दिवस नोंदवावे लागतात. पण दिवस कसा असावा याच्याही अटी आहेत: साधारण पाच तासांहून अधिक चाल, स्वतः केलेलं नियोजन, शक्यतो नवखा प्रदेश. एकच वाट शंभर वेळा चाललेल्या माणसाकडे त्या वाटेची माहिती भरपूर असते, शंभर दिवसांचा अनुभव असतोच असं नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ च्या एका निबंधात म्हटलं की अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायचा तर दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे कळण्याची पुरेशी संधी मिळायला हवी. आपल्या क्षेत्रात दुसरी गोष्ट फार क्वचित मिळते. बर्फाचा उतार शंभर वेळा ओलांडला आणि बर्फ घसरला नाही, यावरून तो शंभर वेळा सुरक्षित होता असं सिद्ध होत नाही. निसर्ग चुकीच्या निर्णयाला बहुतेक वेळा माफ करतो आणि प्रशिक्षक त्या माफीलाच शाबासकी समजतो. म्हणून नुसता अनुभव साठवून भागत नाही. तो तपासायचा कसा, हे प्रश्न ३ मध्ये आहे.

३. अनुभवातून शिका, असं सगळे सांगतात. रोज संध्याकाळी नेमकं काय करायचं?

संध्याकाळी नाही, सकाळी सुरुवात करा. निघण्याआधी वहीत पाच ओळी लिहा:

- ठरावीक दोन ठिकाणी आपण किती वाजता पोचू
- हवा किती वाजता आणि कशी बदलेल
- ग्रुपमधलं सगळ्यात आधी कोण दमेल
- वेळ कुठे खाल्ला जाईल
- काय दिसलं तर मागे फिरायचं

वेळेचा अंदाज हवेतून काढू नका. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम अजून कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर १ तास ३६ मिनिटं अधिक १ तास ३० मिनिटं, एकूण ३ तास ६ मिनिटं. हा हिशेब सडसडीत, तंदुरुस्त माणसाचा आणि न थांबता चालण्याचा. ग्रुपसाठी यात किती भर घालायची हा आकडा तुमचा तुम्हालाच शोधायचा आहे, आणि तो शोधण्याची जागा म्हणजे ही वही.

संध्याकाळी अंदाजासमोर प्रत्यक्ष लिहा, मग 'का' लिहा. नोंद साधारण अशी दिसते:

*अंदाज: खिंडीत १०.१५. आधी दमेल: निळी सॅकवाला. ढग: २ नंतर.*
*प्रत्यक्ष: खिंडीत ११.०५. दमली ती पुढे चालणारी मुलगी, पहिला तास पळतच होती. ढग १२.३० ला.*
*का: खडकाळ टप्प्यावर बारा जणांना एकेक करून सोडावं लागलं, माणशी चार मिनिटं. नकाशावर त्या जागी समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, मी पाहिल्या आणि पुढे गेलो.*

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. 'हवा खराब झाली' असं लिहिलं तर त्यातून पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं काही हाती लागत नाही. 'पाहिलं आणि पुढे गेलो' असं लिहिलं तर पुढच्या नकाशावर त्या रेषांपाशी, म्हणजे खड्या चढाच्या खुणेपाशी, बोट थांबतं. आणि एक सूचना: दिवसभराचं सगळं घडून गेल्यावर 'मला वाटलंच होतं' असं प्रत्येकाला वाटतं. सकाळी लिहिलेलं नसेल तर ते खोडून काढायला काहीच पुरावा नसतो.

४. संस्थेची नियमावली आहे. ती पाळली की माझी जबाबदारी संपली ना?

नियम एका जातीचे नसतात, आणि इथेच घोळ होतो. काही नियम विचार न करता पाळायचे असतात: हेल्मेट, चढण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बकल, गाठ, बिले डिव्हाइस (दोर अडवणारं साधन) आणि कॅराबिनरचं (जोडकडीचं) लॉक हात लावून तपासणं. यात तारतम्य वापरायला गेलात तर नुकसानच होईल. दमलेला माणूस तारतम्य वापरतो म्हणजे बहुतेकदा तपासणी गाळतो.

काही नियम म्हणजे मर्यादारेषा. विजेचं उदाहरण घ्या. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेव्हा उघडी जागा, कडा, पाणी सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. या रेषेच्या आत घासाघीस नाही. रेषेच्या बाहेर मात्र तुमचंच डोकं चालवावं लागतं: ढग वाढताना दिसतायत, गडगडाट अजून ऐकूही आला नाही आणि पुढचा दीड तास उघड्या धारेवरून चालायचं आहे, तर ३० सेकंदांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

उरलेले नियम म्हणजे नेहमीची पद्धत, आणि ती कधी कधी मोडावी लागते. त्यासाठी एकच अट घालून घ्या. नियम कशासाठी केला होता हे सांगता आलं पाहिजे आणि मोडण्याआधी दुसऱ्या प्रशिक्षकाला ते सांगायला हवं. तोंडाने कारण सांगताना बऱ्याचदा आपलं आपल्यालाच कळतं की हे कारण नाही, घाई आहे.

५. आतून 'नको' वाटतं पण कारण सापडत नाही. तेव्हा काय करावं?

थांबा. गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा अनुभवी माणसं पर्याय तोलत बसत नाहीत, ओळखीचा नमुना दिसला की पहिलाच जमणारा मार्ग मनात चालवून पाहतात, असं आढळलं. नमुना मोडला की अस्वस्थता आधी येते आणि कारण मागून. पाच मिनिटं थांबून पाहा: काय अपेक्षित होतं आणि इथे नाही? पक्ष्यांचा आवाज? नदीचा रंग? नेहमी बडबडणारा माणूस गप्प आहे?

मात्र हा न्याय दोन्ही बाजूंना सारखा नाही. 'नको' वाटलं तर ऐकायची किंमत बहुतेकदा एखादा तास असते. 'काही होत नाही' असं आतून वाटलं तर त्याला पुरावा मागा.

६. शिखर अर्ध्या तासावर आहे, सगळ्यांना जायचंय, आणि परतीची वेळ उलटून गेलीय. ग्रुपला परत कसं वळवायचं?

त्या क्षणी वळवणं फार अवघड, म्हणून ते काम सकाळीच करून ठेवायचं. निघतानाच सगळ्यांसमोर सांगा: 'एक वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरणार आहोत, मग शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी.' ही वेळ दोघांच्या वहीत लिहा, एक तुम्ही आणि एक सहाय्यक. वेळ काढायची ती अंधारापासून उलटी मोजून: सूर्यास्त, त्यातून उतरायला लागणारा वेळ, त्यातून एका जखमीला खाली आणायला लागणारा जादा वेळ. ही शेवटची वजाबाकी लोक हमखास विसरतात.

वेळ ठरवून ती पाळली नाही तर काय होतं याचं सगळ्यात माहितीचं उदाहरण म्हणजे मे १९९६ मधलं एव्हरेस्ट. दुपारी दोनच्या आसपास मागे फिरायचं असं बोलणं झालं होतं, तरी बरेच जण त्यानंतर शिखरावर पोचले आणि उतरताना वादळात सापडले.

मन कुठे कुठे फसतं याची यादी हिमस्खलनाचे अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन अपघातांवरून केली. ओळखीची जागा, आधीच गुंतवलेला वेळ, दुसरे ग्रुप वर जाताना दिसणं, 'लीडरला कळतंय' हा विश्वास, इतरांना आपण आवडावं ही धडपड, आणि संधी हातची जाईल ही भीती. यातली ओळखीची जागा सगळ्यात कावेबाज आहे. चांगलं प्रशिक्षण घेतलेले ग्रुपही ओळखीच्या उतारावर नवख्यांइतकाच धोका पत्करताना दिसले.

मागे फिरताना 'सॉरी, आपल्याला जमणार नाही' असं म्हणू नका. त्यावर वाद सुरू होतो. 'एक वाजला. ठरल्याप्रमाणे वळतोय. पाणी प्या, पाच मिनिटांत निघू,' एवढंच. कारणांची चर्चा खाली पोचल्यावर.

७. नियोजन करतानाच किती निर्णय घेऊन ठेवावेत आणि किती जागेवर सोडावेत?

स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांची तीन बाय तीनची चौकट इथे कामी येते. तीन गोष्टी पाहायच्या: परिस्थिती, भूप्रदेश, माणसं. आणि तीनदा पाहायच्या: घरी नकाशा आणि हवामानाचा अंदाज हातात असताना, सुरुवातीच्या ठिकाणी पोचल्यावर, आणि प्रत्येक अवघड जागेच्या तोंडाशी. ही चौकट हिमस्खलनासाठी तयार झाली, पण नदीपात्र किंवा कड्यावरही तितकीच चालते.

घरी ठरवून ठेवायचं ते एकच: या मार्गावर कुठल्या जागेनंतर सहज मागे फिरता येत नाही? ती जागा नकाशावर लाल करा. अरुंद घळीचं तोंड, रोपने उतरून तो खाली ओढून घेतल्यानंतरचा पहिला टप्पा, नदीचा पहिला प्रवाह ओलांडल्यावरचं बेट. २००८ साली न्यूझीलंडमधल्या मंगाटेपोपो घळीत पाणी अचानक वाढलं आणि सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक गेले. घळीत पाणी वाढायला लागल्यावर उरलेले पर्याय फार थोडे असतात, म्हणून तिथला खरा निर्णय घळीच्या तोंडाशी घ्यायचा असतो. तिथे तुम्हाला पडलेला पाऊस नाही, वरच्या पाणलोटात पडत असलेला पाऊस विचारात घ्यायचा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे वाक्य सगळे पाठ म्हणतात आणि गुडघाभर पाणी पाहिलं की विसरतात.

आणखी एक सवय, दहा मिनिटांची: आदल्या रात्री सगळ्या प्रशिक्षकांनी मिळून समजायचं की उद्याचा दिवस पार बिघडला. आता प्रत्येकाने कागदावर लिहायचं की तो का बिघडला. 'काही धोका दिसतो का?' असं विचारलं तर लोक 'नाही' म्हणून मान हलवतात. 'बिघडलाय, कारण सांगा' म्हटलं की जोडे भिजलेल्या मुलापासून बॅटरी संपलेल्या वॉकीटॉकीपर्यंत सगळं बाहेर येतं.

८. मी सहाय्यक आहे. मुख्य प्रशिक्षकांचा निर्णय मला चुकीचा वाटतो, पण ते पंधरा वर्षं सीनियर आहेत. कसं बोलू?

आडून बोलू नका. 'सर, पाणी जरा जास्त वाटतं का?' यावर 'नाही रे' असं उत्तर आलं की तुमचं बोलणं संपलं. जे दिसतंय ते, त्याची काळजी आणि तुमचा पर्याय, या क्रमाने बोला: 'सर, अर्ध्या तासापूर्वी तो दगड कोरडा होता, आता अर्धा बुडालाय. परत येताना आपण पलीकडे अडकू. अलीकडेच थांबून अर्धा तास पाहूया.' दगडाबद्दल सरांना वाद घालता येत नाही.

संस्थेने करायची गोष्ट म्हणजे नकाराधिकार: टीममधल्या कुठल्याही प्रशिक्षकाने 'थांबा' म्हटलं तर थांबायचं, आणि त्याचा जाब त्याला त्या दिवशी विचारायचा नाही. हे सुरुवातीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मुख्य प्रशिक्षकानेच बोलून दाखवावं. कागदावर असून उपयोग नसतो.

९. मी आता नव्या प्रशिक्षकांना शिकवतो. तारतम्य शिकवता येतं का, की ते ज्याचं त्यालाच यावं लागतं?

शिकवता येतं, पण व्याख्यानाने नाही. आधी तुमचा स्वतःचा विचार ऐकू येऊ द्या. तुम्ही न बोलता उजवीकडची वाट धरली तर शिकाऊला फक्त उजवी वाट दिसते. 'डावीकडे ओल आहे आणि तिथे कुणी घसरलं तर खाली अडवायला काही नाही, म्हणून उजवीकडे,' हे मोठ्याने बोला. दिवसभर असं बोलत राहणं कंटाळवाणं असतं, खरं आहे.

मग निर्णय त्याच्या हाती द्या, चुकलं तरी स्वस्तात सुटेल असे आधी: तंबू कुठे लावायचे, विश्रांती केव्हा, पुढे कोण चालेल. तंबू उतारावर लागले तर रात्री सगळे एका कोपऱ्यात गोळा होतील. होऊ द्या. तीन प्रश्न हाताशी ठेवा: तुला काय दिसतंय? अर्ध्या तासाने काय असेल? तसं झालं नाही तर काय करशील? तिसऱ्यावर बहुतेक जण अडतात.

मध्ये केव्हा पडायचं हे आधी स्वतःशी पक्कं करा. चूक होऊन वेळ जाणार असेल, पाय ओले होणार असतील, मान खाली जाणार असेल, तर गप्प राहा. इजा होऊ शकत असेल तर लगेच. आणि ग्रुपमधल्या सहभागींच्या जिवावर शिकाऊचा सराव करायचा नसतो, त्यामुळे ही मोकळीक द्यायच्या जागा तुम्ही आधीच निवडलेल्या असाव्यात.

१०. दिवसअखेरची चर्चा नेहमी 'छान झालं'वर संपते. काय चुकतं?

बोलण्याचा क्रम. सगळ्यात सीनियर आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. सगळ्यात नव्याने आधी बोलायचं, मुख्य प्रशिक्षकाने शेवटी. वेळ पंधरा मिनिटं, आणि कोरडे कपडे घालून.

दुसरं, 'काय झालं' विचारू नका, 'कुठल्या निर्णयात आपण नशिबाने सुटलो' हे विचारा. निर्णय आणि परिणाम वेगळे ठेवायचे असतात: वाईट निर्णयाचा निकाल चांगला लागू शकतो, आणि उलटही (प्रश्न १४). रोज अशी किमान एक गोष्ट सापडतेच. सापडली नाही तर नीट पाहिलं नाही असं समजायला हरकत नाही.

११. अपघात होता होता वाचला. लिहून द्यावं का? नाव खराब होईल.

द्यावं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना प्रसिद्ध आहे: संरक्षणाचा प्रत्येक थर भोकं असलेल्या चीजच्या चकतीसारखा असतो आणि सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो. होता होता वाचलेला अपघात म्हणजे एक सोडून सगळी भोकं जुळलेली होती. ही माहिती फुकट मिळालेली असते. लिहिताना वेळ, जागा, कोण कुठे होतं, कशामुळे थांबलं एवढंच लिहा. 'निष्काळजीपणा' हा शब्द अहवालात आला की पुढचे अहवाल येणं बंद होतं, हे संस्थाचालकांसाठी.

१२. दोन्ही पर्याय वाईट असतील तर? किंवा विचार करायला वेळच नसेल तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही पर्याय वाईट असतील तेव्हा बदलता येईल तो निवडा. पाय मुरगळलेल्या माणसाला घेऊन अंधारात खाली उतरणं की वरच रात्र काढणं? थांबल्यावर सकाळी उतरता येतं. अर्ध्या कड्यात अंधार झाला की थांबताही येत नाही. मात्र थांबायला गरम कपडे आणि आडोसा नसेल तर हाच हिशेब उलटतो.

वेळ नसेल तेव्हा तारतम्य बाजूला ठेवा, सरावातलं करा. उन्हात चालताना कुणी भ्रमिष्टासारखं बोलू लागलं आणि अंग भाजत असेल तर उष्माघात धरून चाला. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. आधी जागच्या जागी थंड करा, पाण्यात बसवता आलं तर उत्तमच, मग हलवा. हा क्रम तिथे उभं राहून शोधायचा नसतो.

१३. दमल्यावर माझे निर्णय बिघडतात हे मला कळेल कसं?

बहुधा कळणार नाही, म्हणून बाहेरच्या खुणा ठरवून ठेवा: नकाशा उघडायचा कंटाळा, एकच सूचना दोनदा देणं, सहाय्यकावर चिडणं, डोकी मोजायची राहणं. यातल्या दोन दिसल्या तर सहाय्यकाने म्हणायचं, 'पुढचा तास मी घेतो.' हे आधी ठरलेलं असलं की अपमान वाटत नाही. उतरतीला ही अदलाबदल न मागताच करून टाका.

१४. वीस वर्षं एकही अपघात नाही. तरी मला नव्याने शिकायची गरज आहे?

वीस वर्षांत अपघात झाला नाही, याचं कारण चांगले निर्णय असू शकतं, नशीबही असू शकतं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. समाजशास्त्रज्ञ डायॅन वॉन यांनी १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयान दुर्घटनेच्या अभ्यासात दाखवलं की एखादी चूक पुन्हा पुन्हा खपली की तीच पद्धत होऊन बसते. आपल्याकडे ती अशी दिसते: बॅकअप अँकर 'या जागी लागत नाही', परतीची वेळ 'साधारण' एक, पावसाचा अंदाज 'इथे कधी खरा ठरत नाही'.

वर्षातून एकदा दुसऱ्या संस्थेच्या प्रशिक्षकाला एक पूर्ण दिवस सोबत घ्या आणि त्याला फक्त 'हे का?' एवढंच विचारायला सांगा. 'आम्ही नेहमी असंच करतो' हे उत्तर तुम्ही दिवसात किती वेळा दिलंत ते मोजा. प्रदेश किंवा खेळ बदलला तर वरिष्ठपणा घरी ठेवा. खडकावरची वीस वर्षं पहिल्या बर्फाच्या मोसमात फारशी उपयोगी नसतात, आणि ग्रुपला मात्र तुम्ही तितकेच तज्ज्ञ वाटता.

१५. निर्णय बरोबर होता, तरी अपघात झाला. आता काय?

पहिल्या २४ तासांत, कुणाशी सविस्तर बोलण्याआधी, स्वतःच्या हाताने लिहून काढा: किती वाजता काय दिसलं, काय माहीत होतं, काय ठरवलं. त्यात 'कारण' आणि 'चूक' हे रकाने ठेवू नका, ते नंतर भरले जातील. सकाळची अंदाजांची वही (प्रश्न ३) जपून ठेवा. त्यात नंतर एकही शब्द घालू नका, खोडू नका. इतर प्रशिक्षकांनीही आपापलं वेगळं लिहावं, एकत्र बसून नाही. आठवणी फार लवकर एकमेकींत मिसळतात.

निर्णय बरोबर होता का हे त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून तपासलं जावं, निकालावरून नाही. ही तपासणी त्या दिवशी डोंगरावर नसलेल्या माणसाने करावी. तोवर पुढच्या ग्रुपची जबाबदारी घेऊ नका. घ्यावीच लागली तर सहाय्यक म्हणून जा.